पाटी जुनी, कारभार नवा : प्राचीन रोमविषयी वाचकांचे प्रश्न

प्राचीन रोमविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कुणी राज्यकारभाराबद्दल विचारलंय, कुणी पाण्याच्या नळाबद्दल, तर कुणी थेट गोव्यातल्या मृत्युपत्राबद्दल. उत्तरं लिहिताना रोमनांची एक खोड मात्र पुन:पुन्हा समोर येत गेली. जुनी संस्था मोडायची नाही, तिची पाटी तशीच ठेवायची आणि आतला कारभार बदलायचा. त्यांच्या बऱ्यावाइटाचं बरंचसं मूळ या खोडीत आहे.

प्रश्न : रोमन लोकांना राजाचं नावही खपत नसे, असं वाचलं. मग ऑगस्टस, नीरो, हेड्रियन ही सम्राटांची रांग आली कुठून? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : राजाची चीड खरी होती. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९मध्ये टार्क्विनियस या शेवटच्या राजाला रोमनांनी हाकलून दिलं आणि पुन्हा एकाच माणसाच्या हाती सत्ता जाऊ नये, अशी राज्याची घडी बसवली. सर्वोच्च पदावर एक नव्हे, दोन कॉन्सल. मुदत एक वर्ष. एकाचा हुकूम दुसऱ्याला अडवता येई. मोठं संकट आलं तर सर्वाधिकारी ‘डिक्टेटर’ नेमत, पण तोही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. सिनेट कागदोपत्री केवळ सल्ला देणारी सभा होती. मात्र कॉन्सल दर वर्षी बदलायचे आणि सिनेटर बहुधा मरेपर्यंत बसायचे, त्यामुळे राज्याचा खरा कल सिनेटच ठरवी.

या उमरावी व्यवस्थेला लगाम घातला सामान्यांनी. इ.स.पू. ४९४मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे उमराव घराण्यांबाहेरचे नागरिक, शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले, अशी कथा रोमन इतिहासकार सांगतात. लढाईत माणसं लागायची ती त्यांचीच, तेव्हा उमरावांना नमतं घ्यावं लागलं. त्यातून ट्रिब्यून हे पद निघालं. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हा देवाचा अपराध. त्याने ‘मी अडवतो’ म्हटलं की कॉन्सलचंही काम थांबे. इ.स.पू. २८७पासून प्लेबियनांच्या सभेचे ठराव उमरावांनाही बंधनकारक झाले.

घडी विसकटली ती साम्राज्य वाढल्यावर. इ.स.पू. १३३मध्ये जमीनवाटपाचा कायदा आणणाऱ्या टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनला सिनेटर आणि त्यांच्या माणसांनी बाकांचे तुकडे हाती घेऊन ठार केलं. राजकीय वाद रक्तपाताने मिटवण्याची वाट तिथून मोकळी झाली. पुढे भूमिहीनांना सैन्यात घेतलं जाऊ लागलं. लढाई संपल्यावर जमीन मिळेल की नाही हे सेनापतीवर अवलंबून, म्हणून सैनिकांची निष्ठा रोमऐवजी सेनापतीला वाहिलेली. इ.स.पू. ८८मध्ये सुल्ला या सेनापतीने स्वतःची फौज रोमवरच चालवून आणली. इ.स.पू. ४४च्या फेब्रुवारीत सीझर हा सेनापती आजन्म डिक्टेटर झाला आणि १५ मार्चला सिनेटरांनी त्याला भोसकलं.

सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन या सगळ्यातून शहाणा झाला. सत्तेपेक्षा सत्तेचं उघडं नाव माणसाला मारतं, हे त्याने ओळखलं. इ.स.पू. २७मध्ये त्याने प्रजासत्ताक सिनेटला परत केल्याचं जाहीर केलं आणि सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ हा किताब दिला. ज्या प्रांतांत बहुतेक फौजा होत्या ते प्रांत मात्र त्याच्याकडेच राहिले. इ.स.पू. २३मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, ट्रिब्यून न होता! कॉन्सल दर वर्षी निवडले जातच होते, सिनेट भरतच होती. त्याने स्वतःला म्हणवून घेतलं ते फक्त ‘प्रथम नागरिक’. राजा नसलेल्या रोमला राजा मिळाला तो असा.

प्रश्न : तिथल्या निवडणुका खऱ्या असायच्या का? मतांसाठी पैसे वाटत का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : निवडणुका खऱ्या, चुरशीच्या आणि महागड्या असत. पण सगळ्यांच्या मताचं वजन सारखं नव्हतं. कॉन्सल निवडणारी सभा १९३ गटांत विभागलेली होती आणि एका गटाला एक मत. इतिहासकारांनी नोंदवलेल्या मूळ रचनेत घोडेस्वार आणि सर्वांत श्रीमंत वर्ग यांचे मिळून ९८ गट होते, तर ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा साऱ्यांचा मिळून एक गट. मतदान वरून खाली चाले आणि बहुमत झालं की थांबे. श्रीमंतांचं एकमत झालं तर गरिबाने सकाळी येऊन रांगेत उभं राहायचं आणि मत न देताच घरी जायचं. शिवाय मत द्यायला रोममध्ये प्रत्यक्ष यावं लागे. दूरच्या शेतकऱ्याला ते कुठून जमणार?

तरीही सुधारणा झाल्या. इ.स.पू. १३९मध्ये निवडणुकीत गुप्त मतदान आलं. नागरिक अरुंद फळीवरून चालत जाऊन मेण लावलेली पाटी पेटीत टाकत. उमरावांची माणसं त्या फळीवर उभी राहून डोकावत, म्हणून इ.स.पू. ११९मध्ये मारियस या ट्रिब्यूनने फळ्या इतक्या अरुंद करायला लावल्या की दुसरा माणूस तिथे मावूच नये.

पैशांबद्दल बोलायचं तर वाटप करणारे दलाल ठरलेले असत. लाचेविरुद्ध कायदे एकामागून एक झाले. इ.स.पू. ६३मध्ये सिसेरो कॉन्सल असताना दोषी उमेदवाराला दहा वर्षं हद्दपारीची शिक्षा ठरली. त्याचा परिणाम किती झाला? इ.स.पू. ५४च्या निवडणुकीत उमेदवारांनी वाटण्यासाठी इतकं कर्ज उचललं की रोममधला व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला, असं सिसेरोनेच पत्रात कळवलं आहे.

गंमत म्हणजे प्रचाराचा सर्वांत जिवंत पुरावा रोममध्ये नाही, पाँपेईत आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या गावाच्या भिंतींवर निवडणुकीच्या दोन हजारांहून जास्त रंगवलेल्या जाहिराती सापडल्या. अमक्याला निवडा, असं बेकरीवाले, फळविके सांगतात. मत नसलेल्या स्त्रियाही पाठिंबा जाहीर करतात. एका उमेदवाराला भुरटे चोर आणि रात्री उशिरापर्यंत पिणारे यांचा पाठिंबा असल्याचं लिहिलंय. ही करामत विरोधकांची असावी, हे सांगायला नकोच. तेव्हा रोममध्ये सम्राट होते, पण गावच्या पदांसाठी लढती रंगत होत्या. रोममधली मोठी पदं निवडण्याचं काम मात्र इ.स. १४मध्येच लोकांकडून सिनेटकडे गेलं होतं.

प्रश्न : सम्राटाच्या पश्चात कोण, हे कसं ठरायचं? (गृहिणी, अकोला)

उत्तर : नियमच नव्हता. असणार कसा? राजगादी अस्तित्वातच नाही असं जिथे मानायचं, तिथे गादीच्या वारशाचा कायदा कोण करणार? ऑगस्टसच्या चलाखीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली ती इथे. प्रत्येक सम्राटाच्या मृत्यूनंतर नव्याने जुळवाजुळव आणि निर्णायक शब्द शस्त्रधाऱ्यांचा. इ.स. ४१मध्ये कॅलिगुलाच्या खुनानंतर सिनेट प्रजासत्ताकाच्या चर्चेत असतानाच अंगरक्षक दलाने क्लॉडियसला सम्राट करून टाकलं.

कळस झाला इ.स. १९३मध्ये. तेव्हा पर्टिनॅक्स नावाचा सम्राट होता, मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा. त्याने शिस्त लावायला घेताच अंगरक्षकांनी त्याला मारलं आणि छावणीच्या तटावरून साम्राज्य लिलावात काढलं. एक बोली आतून, एक बाहेरून. डिडियस जुलियानस या धनाढ्य सिनेटरने दर शिपायामागे २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल करून सौदा जिंकला. तो ६६ दिवस सम्राट राहिला आणि मग मारला गेला.

मधला इ.स. ९६ ते १८० हा काळ मात्र स्थिर गेला. नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस यांनी कर्तबगार माणूस दत्तक घेऊन त्याच्याकडे कारभार सोपवला. यात शहाणपण होतं, पण योगायोगही होता : या चौघांमागे मुलगा उरलेला नव्हता. पाचव्या मार्कस ऑरेलियसला होता. त्याने आपल्या कमोडसलाच वारस केलं आणि गाडी घसरली.

प्रश्न : गुलाम आणि स्त्रिया यांची स्थिती कशी होती? की रोमची थोरवी फक्त पुरुष नागरिकांपुरतीच? (वाचक, पुणे)

उत्तर : गुलामांबद्दल एकच प्रसंग सांगतो. इ.स. ६१मध्ये शहराचा प्रमुख अधिकारी पेडॅनियस सेकुंडस याचा त्याच्याच गुलामाने खून केला. जुना कायदा असा की मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखालच्या सर्व गुलामांना मृत्युदंड. या घरात ४०० गुलाम होते, बायका-मुलांसह. लोक रस्त्यावर उतरले, सिनेटमध्येही कुरबुर झाली. तेव्हा गायस कॅसियस हा त्या काळचा नामांकित कायदेपंडित उठला आणि जरब बसायची तर निरपराधही मरायलाच हवेत, असं त्याने पटवून दिलं. नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि शिक्षा अमलात आली. कायद्याच्या ज्या विद्येबद्दल आपण रोमचं कौतुक करतो, ती विद्या त्या दिवशी या बाजूला उभी होती. त्याआधी, इ.स.पू. ७१मध्ये, स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० जणांना क्रूसावर चढवलं होतं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम बहुधा स्वतः नागरिक होई. त्याला मोठी पदं मिळत नसत, पण त्याच्या मुलांना ती आडकाठी नव्हती. ग्रीक नगरांना हे अजब वाटे, कारण अथेन्समध्ये मुक्त गुलाम परकाच राहायचा. कवी होरेसचा बाप मुक्त गुलाम होता. अर्थात घरात, दुकानात, हिशेबाच्या वह्यांवर काम करणाऱ्याला सुटकेची आशा असे. खाणीत आणि मोठ्या शेतांवर राबणाऱ्याच्या वाट्याला ती क्वचितच येई.

स्त्रियांना मत नव्हतं, पद नव्हतं. कायद्याने घरचा कर्ता पुरुष सर्वेसर्वा, अगदी संसार थाटलेल्या मुलाच्या मालमत्तेवरही बापाचाच हक्क. पण मालमत्तेच्या बाबतीत रोमन स्त्री पुष्कळ मोकळी होती. प्रजासत्ताकाच्या अखेरीस बहुतेक विवाहांत बायकोची मालमत्ता नवऱ्याकडे जात नसे. बाप वारला की ती तिची स्वतःची. व्यवहाराला पालकाची संमती लागे, पण हा पालक हळूहळू नावापुरता उरला. तीन मुलं झालेल्या स्वतंत्र घराण्यातल्या स्त्रीला ऑगस्टसच्या कायद्याने त्याचीही गरज उरली नाही.

इ.स.पू. ४२मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी १,४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसवायचं ठरलं. हॉर्टेन्सिया नावाची बाई इतर स्त्रियांना घेऊन फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, गेली आणि सत्ताधाऱ्यांसमोर उभी राहून विचारती झाली : ज्या पदांत, मानात, सेनापतित्वात आम्हाला वाटा नाही, त्यांच्या भांडणाचा खर्च आम्ही का द्यावा? यादी १,४०० वरून ४०० वर आली.

प्रश्न : वीज नाही, पंप नाही, तरी दहा लाखांचं शहर चालत कसं होतं? (स्थापत्य अभियंता, ठाणे)

उत्तर : उतारावर. पहिला जलमार्ग इ.स.पू. ३१२मध्ये ॲपियस क्लॉडियसने बांधला. तिसऱ्या शतकापर्यंत असे ११ झाले. डोंगरातलं पाणी अगदी मंद उतार राखत, बहुतेक अंतर जमिनीखालून आणि सखल भागात कमानींवरून, शहरात येई. चित्रांत दिसणाऱ्या कमानी हा त्यातला छोटा तुकडा. इ.स.पू. १९मध्ये अग्रिप्पाने आणलेला व्हिर्गो हा सुमारे २० किलोमीटरचा जलमार्ग दुरुस्त होत होत टिकला आणि आजही ट्रेव्हीच्या कारंज्याला पाणी देतो.

पाणीचोरीही होतीच. इ.स. ९७मध्ये फ्रॉन्टिनस पाणीखात्याचा प्रमुख झाला. त्याने मोजमाप केलं तर उगमापाशी येणारं पाणी नोंदीपेक्षा जास्त आणि नागरिकांना पोचणारं कमी. मधलं पाणी खात्याच्याच माणसांनी नळाला गुपचूप भोकं पाडून विकलेलं. हे सगळं त्याने पुस्तकात लिहून ठेवलं. त्याच्या हाताखाली देखभालीला ७०० गुलाम होते.

सामान्य माणूस भाड्याच्या बहुमजली इमारतीत राहायचा. वरच्या मजल्याचं भाडं कमी, कारण पाणी चढवायचं डोक्यावरून आणि आग लागली की अडकायचं आधी वर राहणाऱ्यांनीच. ऑगस्टसने इमारतींना ७० रोमन फुटांची, म्हणजे सुमारे २१ मीटरची, मर्यादा घातली आणि इ.स. ६मध्ये आग विझवणाऱ्या व रात्रीची गस्त घालणाऱ्या सात तुकड्या उभ्या केल्या. त्याआधी क्रॅसस हा धनिक जळती घरं आणि त्यांच्या शेजारची घरं पडेल भावात विकत घेऊन ती आपल्या ५०० कारागीर गुलामांकडून नव्याने बांधून घेई. दिवसा गाड्यांना शहरात बंदी होती, म्हणून मालगाड्या रात्रभर खडखडत आणि जुव्हेनल हा कवी झोपमोडीची तक्रार करी. ऑगस्टसच्या काळात सुमारे दोन लाख पुरुष नागरिकांना दरमहा फुकट धान्य मिळे. ते बव्हंशी इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येई. त्यामुळे इजिप्त ज्याच्या मुठीत, रोम त्याच्या मुठीत.

प्रश्न : रोमचं नागरिकत्व बाहेरच्या माणसाला मिळायला किती वर्षं लागायची? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सैन्यातून गेलात तर २५ वर्षं. प्रांतातला बिगरनागरिक साहाय्यक दलात भरती होऊन पुरी नोकरी करी, तेव्हा त्याला नागरिकत्व मिळे. अशा नागरिकत्वाच्या कांस्यपत्रावरच्या सनदा युरोपभर सापडतात. काही नगरांत स्थानिक पद भूषवलं की नागरिकत्व मिळे. गुलामाचा मार्ग वर आलाच. लाच देऊनही मिळे : बायबलमध्ये संत पॉलला अटक करणारा अधिकारी, आपण हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून घेतल्याचं सांगतो. पॉल मात्र जन्माने नागरिक होता. त्यामुळे त्याला फटके मारता आले नाहीत आणि त्याचं सम्राटाकडचं अपीलही ऐकावं लागलं.

इ.स. ४८मध्ये गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यावं का, यावर वाद झाला. जिंकलेल्यांना परकं ठेवल्यानेच अथेन्स आणि स्पार्टा बुडाले, असा सम्राट क्लॉडियसचा युक्तिवाद इतिहासकार टॅसिटसने नोंदवला आहे. पन्नास वर्षांनी ट्रेजन सम्राट झाला, तो स्पेनमध्ये जन्मलेला. आणखी शंभर वर्षांनी सेप्टिमियस सेव्हरस, आजच्या लिबियातला.

इ.स. २१२मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. वारसा कर फक्त नागरिकांना लागू होता आणि त्याने तो ५ वरून १० टक्के केला होता, तेव्हा उदारपणामागे तिजोरी होती, असं समकालीन इतिहासकार कॅसियस डिओने लिहून ठेवलं. पण सगळेच नागरिक झाल्यावर त्या पदाचं मोल उतरलं. न्यायालयात आता ‘प्रतिष्ठित’ आणि ‘हलके’ असे दोन वर्ग धरले जाऊ लागले. एकाच गुन्ह्याला पहिल्याला हद्दपारी, दुसऱ्याला खाण किंवा जंगली श्वापदं. पाटी सर्वांच्या दारावर लागली आणि संरक्षण मागच्या दाराने गेलं.

प्रश्न : आमच्या तेरला रोमन वस्तू सापडल्याचं सांगतात. रोमन इथे आले होते का? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

उत्तर : व्यापार पक्का होता. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तुमचं तेर ‘तगर’ या नावाने येतं. भडोचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर. पैठणहून गोमेद, तेरहून भरपूर सुती कापड गाड्यांतून बिकट वाटेने बंदरावर जाई. सोपारा, कल्याण, चौल यांचीही नावं त्यात आहेत. कल्याणला चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही आहे. त्यामागे भडोचचे क्षत्रप आणि सातवाहन यांचं हाडवैर.

येणारे बहुतेक टोगा नेसलेले रोमन नव्हेत, तर रोमच्या सत्तेखालचे ग्रीकभाषक व्यापारी. कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवर दाते म्हणून ‘यवनां’ची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. उलट पाँपेईत १९३८मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथे मिळाल्या आहेत.

भारत दर वर्षी साम्राज्यातून किमान ५ कोटी सेस्टर्स शोषून घेतो आणि इथला माल तिकडे शंभरपट किमतीला विकला जातो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली. त्या काळी शिपायाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स होता. म्हणजे आकडा खरा धरला तर ५५,००० शिपायांचा वर्षभराचा पगार. प्लिनीने एक सांगितलं नाही : या मालावर सरकार २५ टक्के जकात घेत होतं.

प्रश्न : रोमन कायदा आज कुठे दिसतो? गोव्याच्या कायद्याशी त्याचा संबंध आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : आहे आणि तो मृत्युपत्रात सहज दिसतो. इ.स.पू. ४५१–४५०मध्ये प्लेबियनांच्या रेट्यामुळे कायदे बारा पाट्यांवर लिहिले गेले. त्यांत घरच्या कर्त्याला मालमत्ता हवी त्याला द्यायची मुभा होती. पोटच्या मुलांना उघड्यावर टाकणारी मृत्युपत्रं निघू लागली तेव्हा न्यायालयांनी जुना नियम रद्द केला नाही. त्यांनी युक्ती काढली. कारण नसताना स्वतःच्या मुलाला वगळणारा बाप त्या घडीला शुद्धीवर नसावा, असं मानायचं आणि मृत्युपत्र बाद करायचं. पुढे किमान वाटा ठरला, नेमाने मिळाला असता त्याच्या एक चतुर्थांश. इ.स. ५३६मध्ये सम्राट जस्टिनियनने तो मुलांच्या संख्येप्रमाणे एक तृतीयांश किंवा निम्मा केला.

याच जस्टिनियनने इ.स. ५२९ ते ५३४ या काळात कॉन्स्टँटिनोपल या पूर्वेकडच्या रोमन राजधानीत हजार वर्षांचा कायदा संकलित करून घेतला. त्यातला ‘डायजेस्ट’ हा ५० भागांचा ग्रंथ म्हणजे कायदेपंडितांच्या मतांचा संग्रह. त्यांतली कितीतरी मतं लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच होती. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून तो इटलीतल्या बोलोन्यात शिकवला जाऊ लागला, तिथून युरोपभर गेला आणि १८०४ची फ्रेंच संहिता व १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता यांच्या पायात बसला. पोर्तुगीज संहिता गोव्यात आली. मालमत्तेच्या निम्म्या भागावरचा मुलांचा हक्क तिथे आजही मृत्युपत्राने हिरावता येत नाही.

मात्र गोव्यातलं सगळं रोमन समजू नका. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होणं रोमनांना मान्य नव्हतं. त्यांच्याकडे तर नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली देणगीही कायद्याने निरर्थक ठरे.

एरवीही काही गोष्टी आपण रोज वापरतो. दाव्याचा पुरावा दावा करणाऱ्यानेच द्यायचा, हे ‘डायजेस्ट’मध्ये आहे. निनावी तक्रारींवर खटला चालवू नका आणि निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा अपराधी सुटलेला परवडला, ही दोन्ही मतं ट्रेजनच्या नावावर नोंदलेली आहेत. तो सत्तेवर आला तेव्हा पेडॅनियसच्या घरातल्या ४०० जणांना मारून जेमतेम ३७ वर्षं झाली होती. पण हे मत गुलामांना लागू करण्याची निकड त्यालाही वाटली नाही.

प्रश्न : पुस्तकात रोमचा शेवट इ.स. ४७६ दिलाय. काका म्हणतात १४५३. बरोबर कोण? (इयत्ता नववी, जळगाव)

उत्तर : दोघंही, आणि थोडे थोडे दोघंही नाहीत. ४७६मध्ये ओडोएकर या सेनापतीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला पदावरून काढलं आणि सम्राटपदाची चिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. पश्चिमेला पुन्हा कायमचा सम्राट झाला नाही. पण रोममध्ये सिनेट भरत राहिली, कॉन्सल नेमले जात राहिले. दर वर्षी कॉन्सल नेमायची प्रथा थांबली ती थेट इ.स. ५४१मध्ये, म्हणजे पहिल्या कॉन्सलपासून साडेदहाशे वर्षांनी. त्याही आधी पाच शतकं त्या पदाच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. पूर्वेचं साम्राज्य २९ मे १४५३ रोजी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेईपर्यंत चाललं. तिथले लोक ग्रीक बोलत, पण स्वतःला रोमनच म्हणवत.

म्हणून संस्था बंद झाल्याची तारीख शोधण्यापेक्षा तिचा शब्द चालेनासा कधी झाला, हे शोधलं तर रोमचा इतिहास जास्त कळतो. ती तारीख बहुधा कुठल्याच फर्मानात सापडत नाही. परीक्षेत मात्र ४७६ लिही आणि त्यापुढे ‘पश्चिम रोमन साम्राज्य’ हे शब्द आठवणीने जोड. म्हणजे गुणही मिळतील आणि काकांनाही हरकत घेता येणार नाही.